सावडीचे दिवस

काकी, यंदा पासलीत लावणी लवकर उरकली. तुझं खाचर आता मीच करतो, आणि वेल्ह्याच्या माझ्या गिरणीवर अर्ध्या खोऱ्याचं भात भरडायला येतं. माणसं मला शेठ म्हणतात. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

जेलमधून सुटून तुझ्या दारात आलो ते दिवस अजून आठवतात. शिवऱ्याजवळ हायवेवरच्या मारामारीत माझ्या हातून माणूस मेला आणि उमेदीची सगळी वर्षं आत गेली. तोवर आई-बाप गेलेले, काकाही गेलेले; उरलीस तू. दार नुसतं लोटलेलं असलं तरी मी बाहेर उभा राहायचो, कुणीतरी उघडेल म्हणून. इतकी वर्षं दार दुसऱ्यानंच उघडलेलं. तू चुलीपुढनं ओरडायचीस, "दार काय चावतंय व्हय तुला? ढकल की." उठून उघडलं मात्र एकदाही नाहीस. तेव्हा राग यायचा.

मग लावणी आली. आपल्याकडे लावणीला मजूर लावत नाहीत, सावड करतात. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. मला कुणीच बोलावलं नव्हतं. "सावडीला बोलावणं कसलं? चल," म्हणालीस आणि मला पुढं घालून लोकांच्या खाचरात नेलंस. पहिल्या दिवशी बांधावर जेवणं झाली. सगळे हात धुऊन उठले, मी रिकाम्या ताटापुढं गुडघ्यावर हात ठेवून बसलेलो. आत शिट्टी झाल्याशिवाय उठायचं नसायचं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तू रोपांची मूठ सोडवत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ऊठ रं. हितं शिट्टी फकस्त कुकर मारतो." मलाही हसू फुटलं. सुटल्यापासून पहिल्यांदा.

माझे कान आधीपासूनच तिखट, आत आणखी तिखट झाले. बुटाच्या आवाजावरून कोणता शिपाई येतोय ते कळायचं. त्यामुळं गावातली कुजबुजही चुकायची नाही. "याच्या वावरात कोण पाय ठेवंल?" हे मी दोघातिघांच्या तोंडून ऐकलं. राबायला मी सगळ्यांकडे गेलो होतो, पण आपल्या खाचराची पाळी आली की कुणी येईल याचा भरवसा नव्हता. आणि कुणी आलं नाही तर या गावात आपलं काही खरं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आपल्या लावणीच्या सकाळी आपण दोघंच चिखलात उतरतो. उपटलेली रोपं बांधावर पडून आहेत. माझी नजर सारखी वाटेकडे. "मान मोडंल," तू म्हणतेस. "त्यांच्याकडं आपलं दिवस हायेत. येत्याल." आणि मग चिखलात पावलं वाजतात. पुढं शेजारचे म्हातारे, ज्यांना तू भावजी म्हणायचीस, मागं त्यांच्या दोन्ही सुना, त्यांच्यामागं आणखी माणसं. बांध उतरताना भावजी सुनेला हळूच म्हणाले, "कसा का असंना, दिवस फेडायचा असतो."

मला ते लागलं नाही, काकी. उलट बरं वाटलं. दया दाखवणारी माणसं आत पुष्कळ येऊन गेली होती. इथं कुणीतरी माझं देणं लागत होतं, आणि ते द्यायला चिखल तुडवत आलं होतं. दुपार कलायच्या आत खाचर हिरवं झालं.

सगळे गेल्यावर पाय धुता धुता तू म्हणालीस, "बघितलंस? म्या कुणाला एक सबूद बोलले न्हाई." मी मान हलवली. पुढं मरेपर्यंत तू तेच सांगत राहिलीस आणि मी मान हलवत राहिलो.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत, म्हणून सांगतो. आपल्या लावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पिशवी भरून मी एसटी धरायला निघालो होतो. भावजींच्या पडवीमागनं जाताना तुझा आवाज कानावर आला, "माझ्या मयतीला न्हाई आलात तरी चालंल भावजी, पर उद्याच्याला या." मी तिथनंच माघारी फिरलो. तू घरी आलीस तेव्हा पिशवी रिकामी करून मी चूल पेटवत बसलो होतो.