तुमची गिटार परत पाठवण्याबाबत

सन्माननीय शालकमहोदय यांस,

सप्रेम नमस्कार. तुमच्या डाव्या हाताचे आता कसे आहे? उजव्या हाताने लिहिलेले तुमचे मागील पत्र पोहोचले. ओळी वेलीसारख्या वर चढत गेल्या आहेत, तरी वाचता आल्या. (आशीर्वादातील ‘शी’ दीर्घ असते. हात दुखत असला तरी ती दीर्घच राहते.) आम्ही उभयता ठीक आहोत, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. वस्तुतः मी पार खचलो आहे आणि त्याचे कारण तुमची गिटार हे आहे. ती परत पाठवण्याचे मी योजिले आहे. तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून घडले ते सारे क्रमाने कळवतो.

दृष्टी मंदावल्यापासून तुमच्या ताईने बोलणे जवळजवळ सोडले आहे, हे तुम्ही जाणताच. पूर्वी तिच्या बोलण्यामुळे मला वर्तमानपत्राचा एक रकाना सलग वाचता येत नसे. आता मी तेच वर्तमानपत्र तिला मोठ्याने वाचून दाखवतो आणि ती खिडकीकडे तोंड करून बसते. (मजकुरातील मुद्रणदोषही सांगतो. त्यावर ती पूर्वी चिडत असे. ती चिडेनाशी झाली तेव्हा मला खरा धसका बसला.) तुला काय हवे, असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, “धाकट्याची ती धून ऐकावीशी वाटते. मागच्या दारी पायरीवर बसून वाजवायचा ती. पण आता त्याचाही हात गेला, कुठे जात नाही की येत नाही.” ती धून तुमची स्वतःची, कोठे लिहिलेली नाही, मुद्रित केलेली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात दुकानात न मिळणारी अशी ही एकच वस्तू तिने मागितली. मी तुमची गिटार मागवून घेतली आणि ऐकून ऐकून मला पाठ झालेली ती धून मीच वाजवून दाखवीन, असे जाहीर केले. उभे आयुष्य छापखान्यात इतरांच्या चुका काढण्यात गेलेल्या माणसाला एक धून बिनचूक वाजवता येऊ नये, असे मानण्यास तेव्हा तरी काही आधार नव्हता.

त्यासाठी स्वयंशिक्षणाचे एक पुस्तक आणले. पुस्तकाचा आदेश असा की प्रथम केवळ नखीच्या, म्हणजे तारा छेडणाऱ्या, हाताचा सराव करावा. नखी तर्जनीच्या कडेवर ठेवून अंगठ्याने हलकेच धरावी. एक आघात खाली, एक वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. हालचाल मनगटातून व्हावी, कोपरातून नव्हे. ‘हलकेच’ म्हणजे नेमके किती, याविषयी पुस्तक मौन पाळते. घट्ट धरली तर तार किंचाळते आणि मनगटाचे लाकूड होते. सैल धरली तर नखी निसटून थेट गिटारीच्या पोटात जाते. मग गिटार पालथी धरून गदागदा हलवावी लागते. नखी आत सर्वत्र हिंडते, खुळखुळते, भोकापाशी येऊन डोकावते आणि विचार बदलून माघारी जाते. एके दिवशी मी गिटार डोक्यावर धरून याप्रमाणे हलवीत असता खालच्या मजल्यावरील दंतवैद्य दारात येऊन उभे राहिले. अत्यंत सभ्य गृहस्थ. म्हणाले, “आजोबा, काम किती दिवस चालेल?” मी म्हटले, “सराव आहे, तो चालूच राहील.” त्यावर ते जरा थांबून म्हणाले, “नाही, बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटतं, आवाज माझ्या खोलीतून येतोय. दोघं उठून गेले.” तेव्हापासून त्यांचा दवाखाना बंद असेल त्या वेळीच मी सराव करतो.

तथापि मला खरा मनस्ताप दिला तो पुस्तकाने. पुस्तक म्हणते की सर्वांत वरची तार जाड असते. माझ्या हातातील गिटारीची सर्वांत वरची तार केसाइतकी बारीक. पुस्तक म्हणते, नखीने झालेले ओरखडे झेलण्यासाठी भोकाच्या खाली एक काळी पट्टी असते. माझी पट्टी वर. (ती कोपर टेकण्याची सोय असावी, असा मी निष्कर्ष काढला आणि कोपर टेकलेही.) एकही आकृती जुळेना. अखेर प्रत्येक पानावरील तारांचा क्रम मी पेन्सिलीने दुरुस्त केला आणि सविस्तर शुद्धिपत्र प्रकाशकांकडे रवाना केले. त्यांनी आभार मानून नवी प्रत भेट पाठवली. तीतही त्याच चुका. मुद्रणव्यवसाय रसातळाला गेल्याचे याहून ढळढळीत उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एवढे असूनही मनगट हळूहळू वळू लागले. खाली-वर, खाली-वर, एका तालात, न अडखळता. दंतवैद्यांनीही जिन्यात भेटल्यावर, “आता बरंच सुसह्य आहे,” असा अभिप्राय दिला. मला धीर आला आणि काल सायंकाळी तुमच्या ताईला समोर बसवून मी प्रत्यक्ष धून आरंभली. डाव्या हाताने तारा दाबायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेथे सारे संपले. माझ्या डाव्या हाताची बोटे सांधेदुखीने कशी झाली आहेत, हे तुम्ही पाहिलेले नाही. ती वाकत नाहीत आणि वाकली तर उलगडत नाहीत. तीन स्वर निघाले. त्यांतील दोन तर कोणत्याच धुनेतील नव्हते. तुमची ताई म्हणाली, “अहो, धाकटा डावखुरा ना. त्याची गिटारही डावखुरी. तिच्या तारा उलट्याच लावतात.”

तुम्ही डावखुरे आहात हे मला ठाऊक होते. गिटारही डावखुरी असते हे ठाऊक नव्हते.

“तुला हे केव्हापासून माहीत आहे?”

“लहानपणापासून. तारा मीच तर बदलून द्यायचे त्याला.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्हाला सांगायचं? पुस्तक चुकलं म्हणालात, छापणारा चुकला म्हणालात. आता बायको चुकली, एवढंच ऐकायचं राहिलं होतं माझं.”

(गेल्या कित्येक महिन्यांत ती एका दमात इतके बोलली नव्हती, हे मात्र आज सकाळी दाढी करताना लक्षात आले.) उलट्या गिटारीवर उलटा सराव करून मी एक निरुपयोगी विद्या हस्तगत केली आहे आणि ज्या हाताने ती पूर्णत्वास जायची, तो हात माझ्यापाशी नाही. तिला धून मिळायची नाही. गिटार तुमच्याकडे असलेली बरी. निदान येथे ती मला रोज दिसणार नाही.

तुमचा नम्र,
ताईचे यजमान

ता. क. गिटारीच्या मापाचे खोके मिळत नाही, यास्तव विलंब होईल.

ता. क. दुसरा. वरील पत्र तुमच्या ताईला वाचून दाखवले. ‘परत पाठवण्याचे’ येथेच तिने मला थांबवले. “गिटार नका पाठवू. त्यालाच इकडे बोलवा. तो नेहमीसारखी धरून बसेल आणि उजव्या हाताने तारा दाबेल. तो हात धड आहे त्याचा. तुम्ही त्याच्या डावीकडे बसा आणि तुमच्या उजव्या हाताने नखी चालवा. दोघांत मिळून दोन हात आहेत, पुरतील.” मी दोन खुर्च्या शेजारी मांडून, गिटारीऐवजी केरसुणी घेऊन पडताळा पाहिला. हात पोहोचतो. तुमचा हात गेला म्हणून तुम्ही कोणाकडे जात नाही, हे मला समजते. पण येथे त्या हाताचे कामच नाही. ते मी करीन. तरी अवश्य यावे.

ता. क. तिसरा. धून वाजवण्याच्या आठवडाभर आधी यावे. तुम्ही गिटार तुमच्या बाजूने धरल्यावर जाड तार वर येईल, अर्थात पुस्तक बरोबर ठरेल आणि मला सारे पुन्हा शिकावे लागेल. येताना चांगल्यापैकी खोडरबर आणावे. दुरुस्त्या पुष्कळ आहेत.

ता. क. शेवटचा. खुर्च्या तिने हलवू दिलेल्या नाहीत. सकाळपासून चाचपडत त्या पुसते आहे आणि धून गुणगुणते आहे. एके ठिकाणी तिचा स्वर चुकतो, असा माझा समज आहे. मी काही बोललेलो नाही.