सत्तेचाळिसावी ओळ

सोमवार, ४ मार्च
डायलिसिस केंद्राची साइट बंद! रुग्ण पाळी नोंदवायला जातात तर पान उघडतच नाही. तीन डब्ल्यूवाल्या पत्त्यावर जा – सर्व्हर म्हणतो, बिनडब्ल्यूच्या पत्त्यावर जा. तिथे गेलं की पुन्हा मागे! वीसेक फेऱ्या मारून ब्राउझर हात टेकतो.
अकरा वर्षं ही साइट मी एकट्याने सांभाळतोय. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. सगळं आपलं आपण शिकलेलं.
स्वागतकक्षातल्या बाईंना बजावलं – दुरुस्त झाली की मीच कळवीन, तोवर एकही फोन नको! "बरं बाबा. आम्ही वहीत नावं लिहितो."
सगळ्याची नक्कल चाचणीच्या सर्व्हरवर घेतली, साइटचा पत्ता माझ्या संगणकापुरता तिकडे वळवला. आता निवांत चिरफाड.

मंगळवार, ५ मार्च
सापडलं! रविवारी मी सर्व्हरच्या नियमांच्या फाइलीत डब्ल्यू काढणारा नियम घातला – आणि न तपासता उठलो. खाली सत्तेचाळिसाव्या ओळीत डब्ल्यू लावणारा नियम बसलेला. माझाच, पहिल्या वर्षीचा! वर टीप: 'हात लावू नये.'
खऱ्या सर्व्हरवर जाऊन ती ओळ काढली. पान उघडलं – तशाच फेऱ्या.
म्हणजे कारण दुसरंच.

बुधवार, ६ मार्च
तीनशे बारा ओळी, दोनदा. काही नाही. उगाच काही बदललं नाही – कारण कळल्याशिवाय हात लावायचा नाही, हा माझा नेम.
ही म्हणाली, "माझ्या फोनवर बघा की एकदा." मी खेकसलो – फोनवर काय वेगळं दिसणार आहे?

गुरुवार, ७ मार्च
आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेणारी माणसं ती. पाळीसाठी त्यांनी रांगेत का उभं राहावं? माझ्या तोऱ्यापायी?
डॉक्टरांना पत्र लिहिलं – साइट एखाद्या कंपनीकडे द्या, मला जमत नाही. शेवटचे दोन शब्द लिहायला अर्धा तास लागला. बाईंना तोंड दाखवायला नको म्हणून केंद्राच्या दारातल्या पेटीत टाकून आलो.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळीच बाईंचा फोन. "रागवा हवं तर, दादा! टपाल मीच उघडते. पत्र डॉक्टरांना दिलेलं नाही. अहो, साइट मंगळवार दुपारपासून चालू आहे! सव्वीस जणांनी पाळी घेतली. वही केव्हाच मिटली. तुम्हीच म्हणालात ना, फोन नको?"
माझा संगणक सोमवारपासून नकलेकडेच बघतोय! ओळ काढली खऱ्या सर्व्हरवर, पान बघत बसलो नकलेचं.
हिचा फोन मागून घेतला. पान पहिल्या फटक्यात उघडलं.
बाईंना म्हटलं, पत्र फाडा. आणि फोन करत जा.