रडक्या सिनेमातली हसरी नीनफा

प्रिय तोमासा,

हो गं बाई, बघते अजून. दर रविवारी जेवण झालं की टीव्हीसमोर बसते. त्या जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांत काय ठेवलंय असं तुझी सून विचारते ना, तिला म्हणावं, आधी एक नवरा पुर, मग कळेल. परवा हसायचा लावला होता. एका न्हाव्याला सगळे जनरल समजतात आणि तो बिचारा भीतीनं सगळ्या फौजेची दाढी करत सुटतो. मी एकटीच इतकी हसले, की म्हातारी गेली की काय म्हणून शेजारीण बघायला आली. त्याच्या आधी रडायचा होता. नेहमीसारखी आई आंधळी, पोरगा वाया गेलेला, शेवटी तो येऊन पाया पडतो आणि हिला लख्ख दिसायला लागतं. आपण दोघी किती टर उडवायचो त्या आयांची! पण रडवावं तर त्या लोकांनीच. आरडाओरडा नाही. बाई नुसती चूल फुंकत पाठमोरी बसते आणि आपला घास अडकतो.

आपल्या गावात शूटिंगला आले होते तेव्हाचं आठवतंय का? हिरोच्या मयताचा सीन. डायरेक्टरनं सगळ्या बायांना काळ्या शाली देऊन शवपेटीभोवती बसवलं. म्हणाला, जपमाळ म्हणा, मी हात वर केला की थांबा. पेटीतल्या हिरोच्या नाकावर माशी बसली. मेलेल्या माणसानं हळूच नाक खाजवलं. बघितलं सगळ्यांनी, हसली फक्त माझी नीनफा. केवढीशी पोर, तुझा हात धरून उभी होती. डायरेक्टरनं हात वर केला, पण थांबतंय कोण? समोर पेटी आहे, माळ अर्ध्यावर कशी सोडायची? तो ओरडायला लागला तर तुझी आई त्याला म्हणाली, "गप बस रे, मयताच्या घरी आलायस." माळ संपल्यावर तो म्हणाला, आता पुन्हा करू. एकही बाई बसेना. एकाच मयताला दोनदा कोण रडतं? शेवटी बिचाऱ्यानं तेच ठेवलं, हसण्यासकट.

सिनेमा गावात यायच्या आधीच नीनफा गोवरात गेली. तिचा एकही फोटो नाही. फोटोवाला जत्रेलाच यायचा, आणि पोर काही जत्रेपर्यंत थांबली नाही. मग ट्रकवाला सिनेमा घेऊन आला, चर्चच्या भिंतीवर चादर ताणली, सगळं गाव आपापल्या खुर्च्या घेऊन बसलं. सगळ्या बाया रडतायत आणि मधेच माझी पोर पुढच्या पडलेल्या दातांची फट दाखवून हसतेय. मी उभीच राहिले. ट्रकवाल्यानं रीळ मागे घेऊन पुन्हा दाखवलं, कुणी सांगायच्या आधीच. माझा सेवेरो मात्र, बाप तिचा, चादरीकडे पाठ करून बसला होता. मी त्याचा खांदा धरून वळवायला गेले तर म्हणाला, "नको गं. ती तिथून खाली येणार आहे का?" मरेपर्यंत त्यानं तो सिनेमा बघितला नाही. मी मात्र कधी चुकवला नाही. शिंक आली तरी दाबून धरायची. तेवढ्यात पोर निघून जाते.

आता मृतांच्या सणाला तो सिनेमा पुन्हा लावणार आहेत. तू ये. सुनेला सांग, गावच्या चर्चमध्ये नवस आहे, काहीही सांग. मक्याच्या पानात उकडलेले लाल मिरचीचे तामाले करते, मेस्कलची बाटलीही लपवून ठेवलीय, फादरांना सांगू नको. माझ्या शेजारी बसायचं आणि ती आली की माझा हात दाबायचा, ती काय करतेय ते सांगायचं. दुसऱ्या कुणाला सांगू? त्या गर्दीतली माझी पोर कुठली हे ओळखणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आणि ओळी वाकड्या गेल्यात म्हणून हसू नको. सिनेमे बघते असं म्हणते, पण पाठ आहेत म्हणून नुसते ऐकते. साखरेच्या दुखण्यानं डोळे खाल्ले, तोमासा. कडेकडेचं दिसतं, पण जिथं सरळ बघावं तिथंच काळा डाग येतो. गेल्या वेळी नीनफा आली, मी तिच्याकडे बघितलं, आणि ती तिथं नव्हती.

तुझीच,
ब्रिहिदा