हातमोज्यांची पेटी

प्रिय हेप्सी,

आठवतं का, चुलीपाशी बसून आपण सफरचंदाच्या फोडी दोऱ्यात ओवत होतो आणि तुझे बाबा गावसभेतून आले? आता वर्तमानपत्राला, जमिनीच्या खरेदीखताला, मृत्युपत्रालासुद्धा राजाचा छाप लागणार आणि छापावर कर, असं सांगू लागले. सुईवरची नजर न काढता तू म्हणालीस, "म्हणजे मरणही महागलं म्हणायचं." "म्हणून तर मी इतक्यात मरत नाही," ते म्हणाले, आणि आपण तिघंही हसलो.

तिथून इथवर कसे येऊन पोचलो, मला सांगता येत नाही. छाप रद्द झाला तर चहावर कर आला, मग लाल डगल्यांचे शिपाई आले, मग बॉस्टनचं बंदर बंद झालं, आणि आता गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावाने सभाही भरवायची नाही. कर काही फार नव्हता गं. तसं म्हटलं की बाबा चिडायचे, "पैशाचं नाही, आपल्याला विचारलं कोणी?" ते चहा सोडून रास्पबेरीची पानं उकळून प्यायचे. जावईबापू राजाच्या जकात कचेरीत, ते म्हणतात कायदा तो कायदा. मला दोघांचंही पटतं, आणि ते कुणापुढे बोलायची सोय नाही. लहानपणी फ्रेंचांच्या लढाईत मला पळवून क्वेबेकच्या मठात ठेवलं होतं, तिथल्या नन माझ्या लोकांना शत्रू म्हणत आणि रात्री माझंच पांघरूण सारखं करत. तेव्हापासून शत्रू म्हणजे कोण, हे मला नीटसं कळलेलंच नाही. जी विलायत कधी पाहिली नाही, तिला अजूनही तोंडातून 'घर' असंच निघतं.

बाबा या दुखण्यातून उठत नाहीत हे कळल्यावर जावईबापूंनी काळ्या विलायती हातमोज्यांची पेटी पाठवली. त्यांचा हेतू चांगलाच होता. प्रेतासोबत येणाऱ्यांना हातमोजे दिले नाहीत तर गेलेल्याचा मान राहत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. पण गावाने ठराव केलाय, विलायती माल घ्यायचा नाही, मयताचे हातमोजेही नाहीत. त्या ठरावावर पहिली सही तुझ्या बाबांची. तरी बाबा गेले तेव्हा मी पेटी उघडून दारात ठेवली. पिंपं बनवणारे आपले इझ्राकाका आत आले, टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हे हातात घालून ओबेडला खांदा कसा देऊ? तो उठून बसेल." मी झाकण लावलं. थंडी कडाक्याची होती, उघड्या हातांनी त्यांनी बाबांना नेलं. मला लाज वाटत होती आणि अभिमानही, दोन्ही एकदमच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सेलमहून निघणाऱ्या गलबतात तुम्ही माझी जागा धरली आहे, पण हेप्सी, मी तुमच्याकडे हॅलिफॅक्सला येत नाही. कोण बरोबर ते मला समजलंय म्हणून नव्हे. बाबा इथे आहेत, एवढंच. माझ्या जागी सामान पाठवते आहे. निळी गोधडी तुझी. चांदीचे चमचे तुझ्या धाकटीला, आत्ताच दे, लग्नाची वाट पाहू नकोस. बाबांचा चष्मा नातवाला. हातमोजे जावईबापूंना परत, रागाने नव्हे म्हणून सांग. त्यात एक जोड कमी भरेल. बाबांच्या शवपेटीला खिळे ठोकायच्या आधी खोलीत मी एकटीच होते, आणि त्यांचे हात फार गार लागले गं.

तुझीच,
आई