चार फूट उसळी

३ जून
ठरलं. गॅरेजमध्ये लाकडी कोर्ट करायचं. मुलीची बास्केटबॉलची संघनिवड बावीसला आहे. सराव तिची आई घ्यायची. आता आई नाही, चार महिने झाले. तेव्हा ते काम माझं. मुलगी म्हणाली, गॅरेजचं छत आठ फूट आणि रिंग दहा फुटांवर असते. म्हटलं, आधी पाय, मग हात.

५ जून
सुतार लाकडी फळ्यांचे पाच नमुने टाकून गेला. मेपल, ओक, बीच, बांबू, प्लाय. म्हणे, डोळे झाकून मेपल घ्या. डोळे झाकायला लावणाऱ्याकडे डोळे उघडून बघावं. मी वाचलंय: सहा फुटांवरून सोडलेला चेंडू चार फूट उसळला पाहिजे. चाचणी मीच घेणार, बायकोच्या चेंडूने. त्यातली हवा तिने भरलेली आहे. तिला हात लावायचा नाही.

८ जून
मेपल: दीड फूट. सुताराला फोन केला, लाकूड मेलेलं आहे म्हणालो. तो म्हणाला, लाकूड मेलेलंच असतं, साहेब. उद्धट माणूस.

११ जून
ओक सव्वा फूट. बीच एक. बांबू जेमतेम. प्लायबद्दल न लिहिलेलं बरं. मेपल पुन्हा तपासलं तर तेही एका फुटावर आलंय. तीन दिवसांत लाकूड इतकं उतरतं? सुताराने ओला माल गळ्यात मारला.

१४ जून, सकाळी
मेहुणा न बोलावता आला. चेंडू अंगठ्याने दाबून म्हणाला, दाजी, यात हवा कुठाय? गाडीतून पंप आणला. मी पंप कपाटावर ठेवला आणि त्याला दाराबाहेर. जाताना म्हणाला, भाचीला पाठवा, माझ्या अंगणात रिंग आहे. सिमेंटने गुडघे जातात, हे त्याला कोण सांगणार. मी सांगितलं. दोनदा.

१७ जून
मुलगी मामाकडे गेली. बूट, कपडे, टूथब्रश. टूथब्रश नेला म्हणजे मुक्काम. सुताराला तीन पानी पत्र लिहिलं.

२१ जून
मुलगी नीकॅप न्यायला आली. गॅरेजमध्ये चेंडू बघितला आणि सरळ पंप काढला. म्हटलं, नको, आईची हवा आहे. हे मोठ्याने म्हणायचं नव्हतं.
तिने पंपाला सुई लावली. मग म्हणाली, "बाबा, आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाच तो पार बसला होता. हवा मी भरली."
मी विचारलं, कधी.
"दोनदा."
मग तिने तिसऱ्यांदा भरली. चेंडू मेपलवर सोडला. माझ्या छातीपर्यंत आला. टेप लावायची गरज नव्हती, तरी लावली. चार फूट.
विचारलं, उद्या मी येऊ का. म्हणाली, ये, पण निवड सिमेंटवर आहे, भांडू नकोस.

२२ जून
भांडलो नाही. तिला राखीव खेळाडूंत घेतलं. चेंडू घेऊन ती मामाकडेच गेली.
घरी मेपलच्या फळीवर बसून जेवलो. लाकूड चांगलं आहे. सुताराला कळवायची गरज नाही.
रविवारी सरावाला येईन म्हणाली. छत पुन्हा मोजलं. आठ फूटच आहे.