आप्पांचं जाळ्याशी बोलणं

कराची, ४ फेब्रुवारी १९३१

ती. अक्कास, लवूचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. जेवण पोटभर मिळतं. इथे गाड्या उंट ओढतात, तोंड थेट आपल्या भिकूकाकांचं! मराठी बोलायला मात्र कोणी नाही, त्यानेच जास्त दमायला होतं.

अंगावरून वारं गेल्यापासून आप्पा एक शब्द बोलले नाहीत, हे तुझ्या पत्रात वाचलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

काल गलबतावर दोरांचा गुंता झाला. कच्छी नाखवा म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सोडव, नाहीतर चालता हो." मुकाट ओढत बसलो, तो आणखी आवळला. मग नकळत, आप्पा पुळणीवर जाळं सोडवताना पुटपुटतात तसा मी पुटपुटू लागलो, "ही वरून आली, ही खालून गेली, थांब गो बाय, ओढू नको." बोलता बोलता दोराचं टोक सापडलं. नाखवा हसला, "कोणाशी बोलतोस रे?" पण काम टिकलं.

अक्का, आप्पांनी कधी गप्प बसून जाळं सोडवलंय का गो? गुंतलेलं एखादं त्यांच्या मांडीवर ठेव नि शेजारी बस. बोला म्हणू नको. गुंता सुटला नाही तरी चालेल. ओठ हलले का, तेवढं कळव.

तुझा भटका भाऊ,
लवू