वायर कुणी काढली

प्रिय नानासो,

पत्रात असं लिहायची रीत हाय म्हणून 'प्रिय' लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. फोन केला की तू भट्टीपाशी असतोस, न्हाईतर गिऱ्हाईक आलेलं असतं, आन तिकडं फोन आधी सूनबाई उचलती. हे तिच्या कानावर घालायचं न्हाई. मी दुसरीपर्यंत शिकलेली, ओळी वाकड्या जातील. तू मान वाकडी करून वाच.

तिकडं परमुलखात तुझा सोनं गाळायचा धंदा बरा चाललाय असं समजतं. इकडची खबर एकच. तुझी अपूर्वा येत्या रविवारी घर सोडून कुपवाडला खोली घेऊन राहणार. कारण विचारशील तर, मी. ह्या घरात आजीचा भरवसा न्हाई, असं ती शेजारच्या चंदनबालाला म्हणाली. मधी एकच भिंत. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली असंल.

तिनं ती विजेची मोटारसायकल आणली तवा मी लय तोंड सोडलं होतं, ते खरं. एवढं धूड कशाला, रात्रभर वायर लावून ठेवायची, एक दिवस घर पेटंल. पण सकाळची एसटी कवा येती कवा न्हाई, आन हिला वेळेत कुपवाडच्या कारखान्यात पोचायचं. आता तासगावावरनं सरळ कारखान्याच्या दारात. तुझी जुनी गाडी वेशीत फटफटली की मी तवा ठेवायची. हिची गाडी मांजरागत येती. कट्ट्यावर हेल्मेट वाजलं की समजायचं, पोरगी आली. मग मला सवय लागली. देवापुढं दिवा लावला की सोप्यात जाऊन बघायचं, चार्जिंगची लाल बत्ती लागलीय का. आगीच्या भीतीनं न्हवं, सकाळी पोरीचा खोळंबा हू नये म्हणून. हे तिला ठाऊक न्हाई. तोंडानं शिव्या देऊन झाल्यावर असलं सांगता येत न्हाई.

जत्रेला तू आलास. वर्षातनं आठ दिवस येतोस, नवा शर्ट घालून, लेकीचा लाडका पप्पा. पोरगी बघायला पाव्हणं बोलावलंस आन तिला म्हणालास रजा घे. ती म्हणाली, पप्पा, उद्या मोठ्या कंपनीची माणसं माल तपासायला येणार, मापं मीच काढून दाखवायची हायती, पाव्हण्यांना परवा बोलवा. तू भाकरी मोडत राहिलास.

जेवणं झाल्यावर तू सोप्यात गेलास. मी माजघरात ताटं पुसत होते. तू तिच्या गाडीची वायर काढलीस आन तिथं तुझा मोबाईल लावलास. म्हटलं, लावंल परत. सकाळी बघते तर मोबाईल तुझ्या उशाशी आन वायर नीट गुंडाळून खुंटीला. चुकून काढलेली वायर कुणी गुंडाळून ठेवत न्हाई, नानासो.

अपूर्वानं विचारलं, वायर कुणी काढली? तू चहाचा कप खाली न ठेवता म्हणालास, आई, तुझंच काम व्हय हे? घर जत्रेच्या पाव्हण्यारावळ्यांनी भरलेलं. आठ दिवसांचा बाप, त्याच्याशी पोरीनं वैर धरू नये, म्हणून मी म्हणाले, व्हय, मीच काढली. तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं माझ्या सासूनंबी कवा बघितलं न्हवतं.

तुला वाटलं, आता बसंल घरी. ती उरलेल्या बॅटरीवर निघाली. कवलापूरच्या अलीकडं गाडी बसली. तिथनं ते धूड ढकलत नेलं. पोचली तवा कंपनीची माणसं माल बघून गेलेली. मापाच्या टेबलावर दुसरीला बसवलं आन हिला परत पॅकिंगला. इथं तुझ्या पाव्हण्यांनी पोहे खाल्ले आन पोरगी न बघता गेले. जत्रा उठल्यावर तूबी गेलास.

तवापासनं तिची गाडी चंदनबालाच्या सोप्यात चार्ज होती. सोताच्या घरात वीज असून! मी थापलेली भाकरी खाती, पण मान वर करत न्हाई. हेल्मेटबी तिकडंच ठेवती, त्यामुळं आली कवा ते मला कळत न्हाई.

म्हणून हा कागद. शनिवारच्या आत तिला फोन कर आन सांग वायर कुणी काढली. तिला अडव असं म्हणत न्हाई. कुपवाडला राहिली तर तिचा रोजचा हेलपाटा वाचंल, ते बरंच हाय. पण खोट्यावर घर सोडून जाऊ नये. मी सांगितलं तर म्हणंल, म्हातारी आता लेकावर ढकलती. पप्पाच्या तोंडचंच तिला खरं वाटतं, तवाबी तेच वाटलं. तुझ्यासाठी मी एकदा 'मीच' म्हणाले. आता तू म्हण.

दुसऱ्या कुणाची होता आलं न्हाई, म्हणून तुझीच,
आई